वारेचे पाच तुकडे

सत्यशीलाबाई निमगड्यांना राग यायला फारसं काही लागत नाही, असं येरमटोल्यातले लोक म्हणत. ते खरं नव्हतं. एका खोलीत, दोन लोखंडी टेबलांवर, आसपासच्या चाळीस गावांतल्या बायांची बाळंतपणं बारा वर्षं करणारी नर्स रागीट असती तर टिकलीच नसती. त्यांना राग येत नसे, त्यांचा जीव मेटाकुटीला येई. हातमोजे फाटके येत. आया सुट्टीवर गेली की बदली माणूस येत नसे. नवरा, गुलाब, माजरीच्या कोळसा खाणीत, म्हणजे तो रविवारीच दिसायचा, आणि आला की झोपायचा. दर तीन वर्षांनी येणारा नवा डॉक्टर पहिल्या आठवड्यात त्यांना टाके कसे घालायचे ते शिकवी. या सगळ्याला त्या एकाच पद्धतीनं तोंड देत. नाकातून एक लांब सुस्कारा सोडत आणि काम करून टाकत.

हट्ट मात्र त्यांच्या घराण्यात होता. छप्पन साली चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर त्यांचे वडील शाळेत गेले आणि मुलीचं जुनं नाव खोडून सत्यशीला लिहा म्हणाले. हेडमास्तर म्हणाले, असं मधेच नाव बदलता येत नाही. वडील तीन दिवस शाळेच्या पायरीवर बसून राहिले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. चौथ्या दिवशी नाव बदललं.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर नागपूरहून एक जीप दवाखान्यासमोर येऊन थांबली. तिच्यातून डॉ. हरिदास वैरागडे उतरले. तिशीचे, चष्म्याचे, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. ते रोग्यांचे डॉक्टर नव्हते, एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांशी त्यांचं आधीच बोलणं झालं होतं. मोठे डॉक्टर 'हो' म्हणाले होते, आणि काम सत्यशीलाबाईंनी करायचं होतं.

"सिस्टर, मला शंभर बाळंतिणींची वार हवी आहे," वैरागडे म्हणाले. "पन्नास कमी वजनाच्या बाळांच्या, पन्नास चांगल्या वजनाच्या."

"कशाला?" सत्यशीलाबाईंनी विचारलं. डॉक्टर लोकांशी त्या पुस्तकी मराठीत बोलत, निदान सुरुवातीला.

वैरागड्यांना हा प्रश्न आवडला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "वार म्हणजे नुसता मांसाचा गोळा नाही. तिच्यातल्या पेशी सुट्या नसतात, त्यांच्यामधे प्रथिनांचं जाळं विणलेलं असतं. फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन, कोलॅजेन अशी त्यांची नावं. भिंतीत विटांमधे चुना असतो, तसं. त्या जाळ्याच्या आधारानं वार गर्भाशयाला धरून राहते, आणि त्याच्याच आरपार आईच्या रक्तातलं पोषण बाळाकडे झिरपतं. माझा अंदाज असा आहे की गरोदरपणी हिवताप झालेल्या बायांमधे हे जाळं जाड होतं. पोषण अडतं. म्हणून बाळ लहान राहतं."

सत्यशीलाबाईंनी नीट ऐकून घेतलं. बारा वर्षं बाळामागून पडणारी प्रत्येक वार पांढऱ्या तसराळ्यात उलटीपालटी करून, एखादा तुकडा आत राहिला तर नाही ना, हे त्या बघत आल्या होत्या. जंगलातल्या टोल्यांवरून, त्या लहान वस्त्यांवरून, हिवतापानं खंगून आलेल्या बायांची वार काळपट निघते आणि तिच्या जोडीला आलेलं पोर मुठीएवढं असतं, हे त्यांना केव्हाचं ठाऊक होतं. कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. हा पहिला माणूस त्याबद्दल बोलत होता. त्यांच्या मनात त्याच्याविषयी थोडं बरं मत तयार झालं. मग वैरागड्यांनी पिशवीतून सूचनांचा कागद काढला, आणि ते मत तिथंच थांबलं.

कागदावर बावीस सूचना होत्या, सगळ्या इंग्रजीत. वार बाहेर आल्यावर अर्ध्या तासात सलाईननं धुवायची. अख्खी, कुठंही न कापता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची. पिशवी बर्फाच्या डब्यात. डबा त्याच दिवशीच्या एसटीनं नागपूरला. जीप तासाभरात निघून गेली. मागे राहिले सहा डबे, शंभर पिशव्या आणि सत्यशीलाबाई.

बर्फ कुठून आणायचा, हे त्या बावीस सूचनांत नव्हतं. दवाखान्यात एकच फ्रिज होता, रॉकेलवर चालणारा, आणि त्यातला बर्फ पोलिओच्या लशीचा. त्याला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. शेवटी मूलच्या बर्फाच्या कारखान्यातून धानाच्या भुशात गुंडाळलेली लादी यायला लागली. ती सकाळी आठला सायकलवर निघे आणि येरमटोल्याला पोचेपर्यंत निम्मी वाटेतच पाझरून गेलेली असे.

मग एसटी. नागपूरला दोन गाड्या, एक सकाळी साडेनऊची, एक दुपारी दोनची. बाळं काही त्या वेळा बघून येत नसत. डबा गाडीवर चढवायचं काम लहानूकडे होतं. लहानू हा दवाखान्यातला जुना शिपाई, पन्नाशी उलटलेला, कोणत्याही प्रश्नाला पहिलं सुचेल ते उत्तर देणारा. कंडक्टरनं विचारलं, डब्यात काय हाये, तर लहानूनं सांगितलं, मासे हायेत. पुढच्या खेपेला कंडक्टर म्हणाला, एवढे मासे कोण खाते नागपूरले, दोन आमालेबी द्या. लहानू परत येऊन विचारता झाला, "बाई, आता काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं सांगतलं तं तो डबा उतरवून देईन."

सत्यशीलाबाईंनी सुस्कारा सोडला आणि मोठ्या डॉक्टरांच्या शिक्क्यानं एक चिठ्ठी करून दिली. तिच्यावर 'औषधी नमुना' एवढंच होतं.

नागपूरहून पत्रं येत. नमुना क्रमांक सात गरम पोचला. नमुना अकराला नाळ फार लांब ठेवली. नमुना चौदाच्या कागदावर आईचं वय नाही. सत्यशीलाबाई ही पत्रं वाचत आणि खिळ्याला अडकवत. चौदा नंबरच्या बाईला आपलं वय ठाऊक नव्हतं, हे त्यांनी कळवलंही होतं. त्यावर उत्तर आलं, अंदाजे लिहू नये. खिळा भरत आला.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात मंगली आली. जंगलातल्या एका टोल्यावरची गोंड पोर, पहिलटकरीण, बैलबंडीतून आणलेली. सातव्या महिन्यात तिला हिवतापानं दोनदा झोपवलं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला ती बाळंत झाली. मुलगी. काट्यावर घातली तर एक किलो सातशे. रडली मात्र लगेच. तिला कापसात गुंडाळून मंगलीच्या छातीशी दिली, आणि मग सत्यशीलाबाईंनी वार तसराळ्यात उलटी केली. इतकी काळपट वार त्यांनीही क्वचित पाहिली होती. नमुना एकतीस. दोनच्या गाडीनं गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगलीची सासू बुधरी आली. मळणीचं धान चुरायला माणूस नव्हतं, म्हणून ती घरी थांबली होती. दोन कोस चालत आली, नातीला पाहिलं, तिच्या टाळूला बोट लावलं आणि लहानूला विचारलं, वार कुठी हाये.

"पुरली," लहानू म्हणाला. "मागं खड्ड्यात. दवाखानाच पुरते."

हे उत्तर त्यानं वर्षभर सगळ्यांना दिलं होतं. ज्यांनी विचारलं त्यांना हे सांगायचं, ज्यांनी विचारलं नाही त्यांना काहीच सांगायचं नाही. सत्यशीलाबाईंना ते माहीत होतं. त्यांनी त्याला असं सांगायला कधी सांगितलं नव्हतं, आणि नको असंही सांगितलं नव्हतं.

बुधरी वळली. दवाखान्यामागं गेली, खड्ड्यापाशी कुदळ होती ती उचलली आणि खणायला लागली. लहानू धावत आत आला. "बाई, ते म्हातारी खड्डा उकरून राह्यली."

सत्यशीलाबाई बाहेर आल्या. खड्ड्यात रक्ताच्या पट्ट्या होत्या, फुटक्या बाटल्या होत्या, सुया होत्या. त्यात ती साठीची बाई अनवाणी उभी होती.

"आई, बाहेर ये. काच लागन पायाले," त्या म्हणाल्या.

"आमच्या घरी अंगणात पुरतात. माही सासू पुरत होती, मीबी पुरली. नेतो मी आमची."

"ते इथी नाई."

बुधरीनं कुदळ थांबवली. "मंग कुठी हाये?"

सत्यशीलाबाईंच्या ओठांवर आलं होतं की सापडणार नाही आता, जा घरी. पण ते निघालं नाही. "नागपूरले पाठवली," त्या म्हणाल्या. "तपासाले. हिवतापानं पोरं लहान काऊन होतात, ते पाहून राह्यले तिथले डॉक्टर."

"मले काऊन नाई पुसलं?"

सत्यशीलाबाईंनी तिला वर यायला हात दिला. बुधरी खड्ड्यातून बाहेर आली, पाय धुतले, आणि दवाखान्याच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली. वार आल्याशिवाय सुनेला आणि नातीला घेऊन जाणार नाही म्हणाली. आवाज चढवला नाही. मोठ्या डॉक्टरांनी दोनदा समजावलं, बाई, तो कचरा असतो, त्यात काय आहे. ती जागची हलली नाही. संध्याकाळी सत्यशीलाबाई घरी जायला निघाल्या तेव्हा ती तशीच बसलेली होती, आणि त्यांना शाळेच्या पायरीवरचे आपले वडील दिसले. त्या मनातल्या मनात सगळ्यांवर चिडल्या. वैरागड्यांवर, लहानूवर, मोठ्या डॉक्टरांवर, या म्हातारीवर. आणि वर्षभर गप्प बसून सगळं पोचवत राहिलेल्या स्वतःवर, ते सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या गाडीनं त्या नागपूरला निघाल्या. रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि मोठे डॉक्टर काही म्हणायच्या आत फाटकाबाहेर पडल्या. रिकामा डबा मांडीवर घेतला होता. कंडक्टर तोच होता. "मासे आणाले चालल्या का बाई?" त्यानं विचारलं. सत्यशीलाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तिकीट फाडून दिलं आणि ब्रह्मपुरीपर्यंत पुन्हा तिकडे फिरकला नाही.

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. वैरागडे त्यांना पाहून इतके आनंदले की त्यांना बोलूच देईनात. "सिस्टर, तुम्ही स्वतः आलात. बरं झालं. एकतीस नंबर बघा. वर्षभरातला सगळ्यात चांगला नमुना." त्यांनी त्यांना एका अंधाऱ्या खोलीत नेलं, सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं आणि डोळा लावायला सांगितलं.

काळ्याभोर पार्श्वभूमीवर हिरवे धागे चमकत होते. आधी त्यांना काही उमगलं नाही. मग वैरागड्यांनी काच बदलली. "हा चांगल्या वारेचा तुकडा. रेषा बघा किती बारीक." पुन्हा काच बदलली. "आणि हा तुमचा एकतीस." इथं रेषा जाड होत्या, एकमेकींत गुंतलेल्या, जाळ्यावर जाळं टाकल्यासारख्या. सत्यशीलाबाई बराच वेळ बघत राहिल्या. एवढ्या जाडीतून ती एक किलो सातशेची पोर पोसली गेली होती, आणि बाहेर येताच रडलीही होती.

"छान आहे," त्या म्हणाल्या, आणि ते मनापासून होतं. "आता ती वार मला परत पाहिजे."

वैरागड्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. सत्यशीलाबाईंनी सांगितलं. सगळं, खड्ड्यासकट. वैरागड्यांचा चेहरा उतरला. नमुना असा परत देता येत नाही, ते म्हणाले. नोंद झालेली असते. शिवाय तुकडे काढून झालेले आहेत.

"किती तुकडे?"

"पाच. मधून एक, कडेचे चार."

"केवढे?"

त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं.

सत्यशीलाबाईंनी त्या नखाकडे पाहिलं. "अन् बाकीची वार?"

"ती फ्रीजरमधे आहे. काम संपलं की जाळून टाकतो."

"मग अख्खी कशाला मागवता?"

"वजन करायला लागतं ना," वैरागडे म्हणाले. "वारेचं वजन महत्त्वाचं आहे. आणि तुकडे योग्य जागचे हवेत."

तेवढ्यानं सत्यशीलाबाईंची पुस्तकी मराठी संपली. "वजन? बारा वर्षं झाली मी पोरं तोलून राह्यली. काटा हाये माह्यापाशी. वार नाई तोलता येत मले? अन् पाच जागा तुमी दाखवल्या असत्या तं मी कापल्या नसत्या? एवढ्याशा नखाएवढ्या तुकड्यासाठी मी लाद्या आणते, डबे चढवते, लोकाइले खोटं सांगते, अन् तुमी उरलेलं जाळून टाकता. तुमाले एवढंच पायजे होतं, तं एवढंच काऊन नाई मांगतलं?"

खोलीत दुसऱ्या टेबलावर काम करणाऱ्या दोघांनी माना खाली घातल्या. वैरागडे चष्मा काढून पुसत राहिले. "मला सुचलं नाही," ते शेवटी म्हणाले. "पुस्तकात तसंच दिलं आहे, अख्खी आणावी म्हणून. तिथं दवाखाना आणि प्रयोगशाळा एकाच इमारतीत असतात."

तो माणूस खोटं बोलत नव्हता, हे सत्यशीलाबाईंना दिसलं, आणि त्यामुळे त्या आणखीनच वैतागल्या. खोटं बोलणाऱ्यावर मनसोक्त रागावता तरी येतं. मग त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, पाच जागा दाखवा.

संध्याकाळपर्यंत त्या दुसऱ्या एका वारेवर तुकडे काढायला शिकल्या. मुक्काम नागपुरातच, इंदोरा वस्तीत चुलत बहिणीकडे झाला. सकाळी नऊला त्यांनी एकतीस नंबरची उरलेली वार बर्फात घालून घेतली. वैरागड्यांनी नोंदवहीत काहीतरी लिहिलं, ते काय होतं हे सत्यशीलाबाईंनी विचारलं नाही.

येरमटोल्याला बुधरी ओसरीवरच होती. सत्यशीलाबाईंनी पिशवी उघडून तिच्यापुढे ठेवली आणि कुठून कुठून कापलं आहे ते बोटानं दाखवलं. "पाच तुकडे तिथीच राह्यले. ते नाई आणता येत."

बुधरीनं वार लुगड्याच्या पदरात घेतली. "हे मले पहिलेच सांगतलं असतं, तं मी नाई म्हटलं असतं का?" तिनं विचारलं. सत्यशीलाबाईंना खरंच माहीत नव्हतं. बंडी जुंपली गेली, आणि तिघीजणी टोल्यावर गेल्या.

त्यानंतर प्रसूतीच्या खोलीत काम बदललं. सत्यशीलाबाई आधी बाळंतिणीला विचारत, मग तिच्याबरोबर आलेल्या म्हातारीला. काय कापायचं, किती, कशासाठी. "बाळ लहान काऊन होते ते पाहाले," एवढं सांगितलं तरी पुष्कळदा पुरे व्हायचं, कारण लहान बाळं सगळ्यांनी पाहिलेली होती, आणि काही पुरलेलीही होती. काही जणी नाही म्हणत. काही जणी तासभर हुज्जत घालून हो म्हणत, आणि हुज्जत घालायला सत्यशीलाबाईंना तासभर नसे. वार त्या बाळांच्या काट्यावर तोलत, पाच तुकडे कुप्यांत घालत, आणि कुप्या बर्फ भरलेल्या चहाच्या थर्मासमधे. उरलेली वार घरच्यांच्या हाती. थर्मास लहानूच्या खांद्याला अडकवून गाडीत गेला की कंडक्टर काही विचारत नसे.

शंभर काही झाल्या नाहीत. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यापर्यंत अडुसष्ट झाल्या, आणि पहिल्या एकतिसांतल्या नऊ गरम पोचल्यामुळे वाया गेलेल्या. वैरागड्यांनी तेवढ्यावर लेख लिहिला आणि छापील कागद घेऊन स्वतः आले. अंदाज बरोबर निघाला होता. हिवताप झालेल्या बायांच्या वारेत जाळं जाड होतं, आणि जाळं जितकं जाड, तितकं बाळ लहान.

"बरं," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आता काय करायचं?"

"आता यावर आणखी संशोधनाची गरज आहे. शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय."

सत्यशीलाबाईंनी नाकातून सुस्कारा सोडला, तो एवढा लांब की वैरागडे बोलायचे थांबले. "जाळं तुमी पाहत राहा," त्या म्हणाल्या. "हिवताप तं आताच थांबवता येते ना? पोटुशी बाईले आठवड्याची गोळी द्याले काय हरकत हाये? गोळ्या मले पुरत नाईत. मी तीनदा लिहिलं, कोणी वाचत नाई. तुमी लिहा, डॉक्टर म्हणून. हा लेख जोडा. अन् मराठीत लिहा, तिथल्या कारकुनाले समजलं पायजे."

वैरागड्यांनी तिथंच, प्रसूतीच्या खोलीतल्या टेबलावर बसून अर्ज लिहिला. त्यांच्या मराठीत दोन चुका होत्या, त्या सत्यशीलाबाईंनी दुरुस्त केल्या. जिल्ह्याला तो अर्ज गेला, हरवला, पुन्हा पाठवला, मग वैरागडे स्वतः जाऊन एका साहेबाच्या टेबलापाशी दुपारभर बसले. अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्याआधी क्लोरोक्विनच्या गोळ्यांचं खोकं आलं. मागितल्याच्या निम्मं, पण त्यानंतर ते दर तिमाहीला येत राहिलं.

मंगली त्या वर्षी पुन्हा पोटुशी होती. बुधरी तिला तिसऱ्या महिन्यातच घेऊन आली. थोरली नात बरोबर होती, हडकुळी, पण ओसरीवरून उड्या मारणारी. मंगलीला मुलगा झाला, दोन किलो सहाशे, आणि वारेचा रंग असायला हवा तसा होता.

एवढ्यानं सगळं सुरळीत झालं असतं तर सत्यशीलाबाईंना चुकल्यासारखं वाटलं असतं. गोळी कडू म्हणून निम्म्या बाया ती पदराला बांधून नेतात आणि वाटेत टाकून देतात, हे त्यांना लवकरच कळलं. तेव्हापासून दर मंगळवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, त्या ओसरीवर गुळाचा खडा आणि पाण्याची कळशी घेऊन बसू लागल्या. "गिळ माह्यासमोर," त्या म्हणत. "आता तोंड उघड. जीभ वर कर." रांग बाजारापर्यंत जाई, आणि लहानू दुसऱ्या टोकाला उभा राहून, आज गोळी नाही, फक्त गूळ आहे, असं सगळ्यांना सांगत असे.